बंद न होणारा कंप्रेसर

तुम्ही मला लाजाळू म्हणता ना, मग हे ऐकाच. माझ्या पंक्चर काढायच्या गाडीत मी नवा कंप्रेसर बसवला. टाकी भरली की त्याला आपोआप बंद करणारा प्रेशर स्विच आणायला पर्वत पाटियाच्या बाजारात गेलो. दुकानदार म्हणाला, "किती पौंड दाबाला बंद होणारा देऊ?" मागे गिऱ्हाईकं उभी होती. कोणता घ्यावा हे विचारायची लाज वाटली, म्हणून म्हणालो, "सगळ्यात मोठा."

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून आईला आणि मामाला घेऊन बमरोलीला मुलगी पाहायला गेलो. मुलगी मला फोटोतच आवडली होती. पण समोर बसल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि बाहेर टाकी भरायला लावलेला कंप्रेसर थांबेना. मुलीचे वडील मिलमध्ये कंप्रेसरवरच कामाला. पोह्यांची बशी खाली ठेवून ते मला गाडीपाशी घेऊन आले.

"स्विच कितीचा?"

"एकशे सत्तर पौंडांचा."

"आणि कंप्रेसर जास्तीत जास्त दाब देतो किती?"

"एकशे पन्नास."

"मग तो बंद कधी होणार, पोरा? दुकानात विचारलं नाहीस?"

"लाज वाटली."

मुलगी दारातून ऐकत होती. म्हणाली, "निदान मला तरी काही विचारा."

मी सगळा धीर गोळा करून विचारलं, "तुमचं नाव काय?"

मामानं डोळेच मिटून घेतले. आम्ही आल्यापासून तिचं नाव तीनदा सांगून झालं होतं.

तिनं चौथ्यांदा सांगितलं आणि वडिलांकडे वळून म्हणाली, "बाबा, स्विच बदलायला यांच्यासोबत मीच जाते."