कडेवरचा बाबू

मी पाचूबंदरची. बापाची बोट, आई मासळी घेऊन वसईच्या बाजारात, आनि घरात आम्ही भावंडं इतकी की मी मोठी म्हनून माझ्या कडेवर कायम कोनतरी असायचंच. पानी भरताना, बोंबील वाळत घालताना, रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाताना सुद्धा. आई बोलायची, हिची कंबर एका बाजूला कलली, हिला नवरा कोन करनार. नवरा नाय मिळाला तो नायच, ते सोडा.

सिस्टरांच्या इंग्रजी शाळेत मी हुशार होते, मंग आमचे फादर बापाला बोलले, हिला विलायतेला नर्सिंग शिकायला पाठवू, तिथं शिकवतात आनि राहायला पन देतात. बाप बोलला, जातेय तर जाऊ दे. आई टोपली उचलून बाजाराला गेली. मोठी लढाई संपून थोडी वर्षं झाली होती, तेव्हा मी आगबोटीत बसले.

काय सांगू तुम्हाला, तिथली थंडी सोसली, उकडलेले बटाटे सोसले, पन रविवार नाय सोसवला. होस्टेलच्या पोरी आपापल्या घरी जायच्या, मी खोलीत एकटी. जन्मात मी एकटी झोपले नव्हते, आमच्या घरी पाय कोनाचा नि हात कोनाचा ते कळायचं नाय, आनि तिथं माझाच श्वास मला ऐकू यायचा. मंग चर्चमध्ये एक सिस्टर बोलली, रविवारी आमच्या आश्रमात ये, तान्ही पोरं आहेत, हात कमी पडतात.

ती पोरं अनाथ नव्हती हां. आया होत्या, पन लग्न नव्हतं, म्हनून पोर तिथं ठेवून जायच्या, आनि ज्यांना पोर नाय ते नवरा-बायको येऊन बघून घेऊन जायचे. ओळीनं लोखंडी पाळने, घड्याळ बघून दूध, रडलं तर रडू द्यायचं. घड्याळाला काय कळतंय भूक? एक सावळा पोरगा होता, बाप कुठल्या लांबच्या मुलखाचा खलाशी म्हने, त्याला कोन घेत नव्हतं. त्याला मी कडेवर घेतला. तिथल्या बायका पोराला छातीशी धरतात, कडेवर कोन घेत नाय, सिस्टर मला बघून हसायच्या. मी त्याला बाबू बोलायची. तो माझी वेनी चघळायचा, मी एका हातानं लंगोट वाळत घालायची आनि त्याच्याशी आपल्या बोलीत बोलायची, आपल्या बोलीत बोलायला दुसरं होतं कोन. मी रविवारची वाट बघायला लागले.

जोडपी यायची, सगळे पाळने बघायची, आनि आमच्याकडं बघून नुसती हसून पुढं जायची. मला वाटायचं, सावळा म्हनून. तर एकदा मोठ्या सिस्टरनं मला बाजूला घेतलं, बोलली, आजची ती दोघं त्याच्याबद्दल विचारनार होती, पन त्यांना वाटलं तो तुझाच. तू सावळी, तो सावळा, तुझ्या कमरेवर असा बसलेला. पुढच्या रविवारी ती परत येनार, तू त्याला पाळन्यात ठेव आनि कपडे धुवायच्या खोलीत थांब. मी बोलले, मीच नेऊ का त्याला? तोंडातून निघूनच गेलं. सिस्टर बोलली, बिनलग्नाची पोर तू, गावात काय सांगशील? खरंच होतं ते. आईला बाजारात टोपली लावू दिली नसती कोनी.

त्या रविवारी त्याला पाळन्यात ठेवला. त्यानं दोन्ही हात वर केले. मी आत गेले. चादरी पिळत उभी होते, तो रडला, खूप रडला, मंग एका बाईचा आवाज आला, मंग तो गप झाला. मी रडले नाय, म्हटलं माझे डोळे बघून त्यांना परत मीच आई वाटायची. सगळी गेल्यावर बाहेर आले, त्याच्या पाळन्यात नवी चादर मीच घातली.

शिकून परत आले, इथं किती बाळंतपनं केली त्याला मोज नाय. माझ्या हातावर जन्मलेली पोरं येता-जाता मासळी देतात, आजी बोलतात, पन दार लावलं की घरात मी एकटी. त्याला तिकडं काय नाव दिलं, मला कोनी सांगितलं नाय. आता तोही म्हातारा झाला असेल. रात्री रोजरीची माळ जपून संपली की सगळ्यांसाठी मागते, त्याच्यासाठी एवढंच मागते, देवा, पहिल्या दिवसापासून आपन त्या बाईच्याच हातात होतो असं त्याला वाटू दे, मी त्याला आठवूच नको.