वेणूच्या पाठीचं माप

(लढाईची वर्षं. शहापूरचा आठवड्याचा बाजार, वैशाखाची उन्हं. वडाखाली उघड्यावर बसून म्हातारा जाणू बांबूच्या कामट्या आणि पळसाची पानं घेऊन इरली विणतोय. मुरबाडाकडची बाईजा त्याच्यासमोर बसलीय.)

बाईजा: तसं नको रे जाणू, एवढं जड नको. हे तयार ठेवलेलं बघ, मला एका हातानं उचलवत नाय, ती कशी उचलंल?

जाणू: सुकं हाय तवर हलकंच म्हनायचं, बाय. पानी प्यालं का मंग कळतं वजन. सायबाची छत्री नाय ती, इरलं हाय.

बाईजा: म्हणून तर सांगते, पानं कमी घाल. एकच थर घाल.

जाणू: एका थरानं गळंल. मंग लोकं काय बोलतील? जाणूनं भर बाजारात बसून चाळन इनली?

बाईजा: गळाया पण नको हां. भिजू द्यायची नाय तिला. दवाखान्यातल्या डाक्तरनं बजावून सांगितलंय.

जाणू: जड नको, गळाया नको. मंग कशाचं इनू, बाय? वाऱ्याचं?

बाईजा: चेष्टा नको करू रे. लांबनं आलेय मी.

जाणू: चेष्टा नाय करत. पावसात दिसभर वाकून ऱ्हायचं म्हंजे पाठीवर पान पायजेच. मंग ते जड होनारच. आजपत्तूर मना कोनी हलकं मागाया आलं नाय. हाय कोनाचं, ते तरी सांग.

बाईजा: माझ्या लेकीचं. वेणूचं. सापगावात दिलीय, धोंडीबाईच्या घरात. त्यांच्या अनंताची बायको. तिचं पहिलं इरलं तूच केलंस की. लगीन झालं त्या सालीच सासू घेऊन आली होती तिला, हितंच, ह्याच वडाखाली.

जाणू: धोंडीबाईची सून.

बाईजा: आठवते का?

जाणू: आठवती. लई हसायची. माप घेताना मान वळवून बघायची, कामट्या कशा वाकतात ते. मीच वरडलो तिला, हालू नको गो, वाकडं झालं तर पाऊस मानंत शिरंल. तरीबी हसलीच.

बाईजा: तीच ती.

जाणू: मंग ते इरलं कुटं ग्येलं? माजं इरलं इतक्यात मोडत नाय.

बाईजा: सासरी हाय. ती माझ्याकडं हाय, दिवाळीपासून.

जाणू: बाळतपन?

बाईजा: नाय रे. हळू बोल. बाजारात सापगावची माणसं असतात. खोकला लागलाय तिला. पहिला वाटला, पाण्यात राबते, असंल थंडीचा. मग एक दिवस पदर धुवाया घेतला नि बघितलं तर लाल डाग... तू हात चालव तुझा, थांबू नको, लोकांना वाटंल काय चाललंय.

जाणू: चालतोय हात.

बाईजा: ते कोणाचं चाललंय हातात?

जाणू: हाय एकीचं.

बाईजा: पुढच्या कडेला हळदीत रंगवलेली कामटी दिसते. म्हंजे नव्या सुनेचं असणार.

जाणू: हां.

बाईजा: कुठल्या गावात आली?

जाणू: मना काय ठावं. लोकं माप देतात, मी इनतो.

बाईजा: वेणूच्या इरल्याला पण लावली होतीस तू. पहिल्या सणाला घरी आली तर तेच सांगत बसली. आई, सासूनं मला हळदीचं इरलं दिलं नि मी त्याच्याखाली उभी राहिले तर सगळं शेतच पिवळं वाटाया लागलं. काय ती पोर, काय तिचं बोलणं!

जाणू: बाय, तू जा घरी. फुडल्या बाजाराला ये. आज मना हातातलंच उरकायचं हाय.

बाईजा: अरे, असं नको करू. पहाटे अंधारात निघालेय मी. नि पुढल्या बाजाराला मिरग किती लांब राहील? शिमग्याला सासूचा निरोप आला होता, आवणीला, भात लावाया, उभी राहणार असंल तर पाठवा. एवढंच. नाय राहिली तर काय, ते काय सांगितलं नाय. पण मला कळाया नको का?

जाणू: आन तवा का नाय धाडली?

बाईजा: तेव्हा उठवत नव्हतं तिला. आता उठते. आमचे हे बोलतात, पोरगी हाय ती, जोताचा बैल नाय, राहू दे घरात. बापाला काय जातं बोलाया! घरात राहिली म्हंजे टाकलेली झाली ना रे ती. चार दिवस शेतात उभी राहिली, लोकांनी बघितली, का मग कोण तिला हलवतं? घर तिचं राहतं.

जाणू: आन चार दिस उभी ऱ्हाईल ती? पान्यात?

बाईजा: राहील. तिला स्वतःलाच केवढी हौस. आम्ही शेतात राब जाळाया, भाजवळीला गेलो ना, का अंगणात वाकून बघते. पेंढ्याच्या काड्या मातीत रोवत जाते, रांगेनं. खोकला आला का तोंडात पदर कोंबते, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मी परवा मधनंच परत आले नि कुडाच्या आड उभी राहून ऐकलं. मला धावत जाऊन धरावंसं वाटलं तिला. नाय धरलं. म्हटलं करू दे, सवय होऊ दे.

जाणू: आनायची व्हती तिला. माप घेतल्याबिगर इरलं व्हत नाय, बाय. खांद्यावर बसाया पायजे, नायतर वाऱ्यानं उलटतं.

बाईजा: एवढं चालवत नाय तिला. मी बसते तिच्या जागी.

जाणू: तुजी पाठ येगळी, तिची येगळी.

बाईजा: मी खांदे आवळून बसते ना. घे तू कामट्या.

जाणू: बाजार भरलाय. लोकं बघतील.

बाईजा: बघू दे. हे घे, बसले.

जाणू: तशी नको, वाक. हात फुडं, रोप रोवतात तसे. हां. आता आवळ खांदे. ही टेकवली बघ कामटी, लागली का?

बाईजा: बारीक हाय ती याच्यापेक्षा.

जाणू: हां. आता?

बाईजा: अजून.

जाणू: अजून?

बाईजा: अजून, जाणू. थांब, श्वास सोडते मी... आता घे. आता झाली मी तिच्याएवढी.

जाणू: बाय...

बाईजा: घे ना लवकर. लई वेळ नाय धरवत मला.

जाणू: ही बाईमान्साची पाठ नाय गो. ही गुरं राखत्या पोरीची पाठ हाय.

बाईजा: मला ठाव हाय किती हाय ते. रोज मी न्हाऊ घालते तिला. तू माप घे.

धोंडीबाई: काय रे जाण्या, झालं का माझं? सकाळपास्नं हेलपाटे घालतेय, उन्हानं डोकं फुटायची पाळी आली. आन ही कोण बया? वैशाखातच आवणीला वाकली का गो?... अगो आई! विहीणबाई?

बाईजा: या, विहीणबाई.

धोंडीबाई: उठा, उठा आधी. धरा माझा हात. काय हे, भर बाजारात! मुरबाडाचा बाजार सोडून हिकडं कुठं?

बाईजा: जाणूच्या हातचं चांगलं असतं म्हणून आले. वेणूला घेते नवं. मिरगाच्या आधी आणून सोडतो तिला. हे येतील घेऊन.

धोंडीबाई: बरी हाय?

बाईजा: बरी हाय म्हंजे काय, पार उठून काम करते. काल दोन भाकऱ्या खाल्ल्या. आवणीचंच चाललेलं असतं तिचं सारखं. आता औंदा तुमाला बघायला नको, ती नि अनंता मिळून सगळं शेत लावतील.

धोंडीबाई: खातीय, ते चांगलं झालं. पण मी काय म्हणते, विहीणबाई, राहू दे तिला औंदा.

बाईजा: कशाला? तुमीच निरोप धाडला होता ना?

धोंडीबाई: धाडला व्हता. त्याला तुमचा उलटा निरोप आला नाय. मी काय समजायचं, सांगा. आईजवळ हाय, आराम पडतोय, तर पडू द्या.

बाईजा: आराम झाला आता. नि तुमचं शेत कोण लावणार? एकट्या बाईमाणसानं कसं व्हायचं?

धोंडीबाई: जाण्या, दे ना रे ते. नुसता तोंडाकडं काय बघतोस?

जाणू: झालं नाय अजून.

धोंडीबाई: झालं नाय? कडा बांधली, हळदीची कामटी बसवली, आन झालं नाय?

जाणू: येक गाठ मारायची ऱ्हायलीय.

धोंडीबाई: मग मार की गाठ!

बाईजा: विहीणबाई, ते तुमचं हाय?

धोंडीबाई: तुमच्याकडं माणूस धाडणारच व्हते मी. देवाशप्पत. असं बाजारात उभ्या उभ्या बोलायची गोष्ट नाय ही.

बाईजा: आता आलंय तोंडावर तर बोला.

धोंडीबाई: काय बोलू? गावात मजुरीला माणूस नाय. पोरं समदी कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर, लढाई चाललीय तर तिकडं रोजच्या रोज काम. अनंता बी तिकडंच पळायला बघत व्हता. घरात बाई नाय तर कशाला थांबू, म्हणाला. मी हातापाया पडून ठेवला त्याला. मला कमरेतनं वाकवत नाय. भात लावलं नाय तर वर्सभर खायाचं काय? तुमी माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत?

बाईजा: कुठली पोर?

धोंडीबाई: किन्हवलीकडची.

बाईजा: हळद कधी हाय?

धोंडीबाई: झालं ते. अक्षयतृतीयेला. वाजंत्री नाय, मांडव नाय, उरकून टाकलं.

बाईजा: झालं पण.

धोंडीबाई: वेणूला मी टाकली नाय हां, विहीणबाई. बरी झाली, आली, तर तिच्या जागेवर ती. भाकरीला भाकरी हाय घरात. मला काय ती नकोशी व्हती? माझ्या पायाला तेल लावल्याशिवाय निजायची नाय. पण शेत थांबतं का कोणासाठी?

बाईजा: सकाळी हितं आली होती ती? माप द्यायला?

धोंडीबाई: व्हती ना. माझ्यासंगंच आली, आता गेली फुडं.

बाईजा: अंगानं कशी हाय? पाठ हाय रुंद?

धोंडीबाई: हाय. कामाची हाय.

बाईजा: बरं झालं.

धोंडीबाई: असं नका हो बोलू. मला लई लागतं. शिव्या द्या त्यापेक्षा.

बाईजा: शिव्या कशाला देऊ? तुमचं पण घर हाय. जाणू, मार गाठ, दे त्यांचं त्यांना. उन्हात उभ्या हायेत त्या.

जाणू: घे, धोंडीबाय. झालं.

धोंडीबाई: येते मी, विहीणबाई. दिवाळीला लुगडं धाडीन वेणूला, चांगलं, काठाचं. आन हे तिच्या कानावर घालू नका इतक्यात. जिवाला लावून घेईल पोर.

बाईजा: नाय घालत. या तुमी.

जाणू: बस, बाय. सावलीत सरक. पानी पी.

बाईजा: तुला ठाव होतं.

जाणू: व्हतं.

बाईजा: आणि मी तुझ्यासमोर बसून बडबडतेय, हळदीचं काय, पिवळ्या शेताचं काय. श्वास काय धरते. एका शब्दानं तरी बोलायचं होतंस रे, मेल्या.

जाणू: कसं बोलू? सकाळीच माप घेतलं आन तू आलीस तवा ते हातात व्हतं. लपवू कुटं? उघड्यावर बसून इननारा मानूस मी. हातात काय हाय ते समद्या बाजाराला दिसतं. घर असतं तर आत नेऊन ठेवलं असतं. तुला जा घरी म्हनलं, तू उठली नायस.

बाईजा: नाय उठले. खरं हाय.

जाणू: मी करून देतो तिचं. घेतलंय माप. जेवढं हलकं व्हईल तेवढं करतो. घेऊन जा.

बाईजा: नको. इरलं बघितलं का विचारंल, कधी जायचं गो आई. काय सांगू?

जाणू: नेलं नाय तरी इचारंल.

बाईजा: विचारंल ना. सकाळी निघताना उंबऱ्यावर येऊन बसली होती. आई, जाणूला माझं नाव सांग, बोलली, त्याला माझी पाठ ठाव हाय. अजून बसली असंल तिथंच, वाटेकडं डोळे लावून. मी नुसते हात हलवत गेले तर तिला काय सांगू रे मी? तुझ्या नवऱ्यानं दुसरी केली, ते सांगू? का आता कुणाला तुझी गरज नाय, ते सांगू?

जाणू: तिला सांग, जाणू बसलाच नाय औंदा बाजारात. वाडीवर गेला असंल, मेला असंल, काय पन सांग. लई शोधला, घावला नाय.

बाईजा: पटंल तिला?

जाणू: पटंल. म्हाताराच हाय मी.

बाईजा: आन पुढल्या बाजाराला? पुन्हा पाठवंल ती मला.

जाणू: फुडल्या बाजाराला बी हेच सांग.

बाईजा: हां. त्याच्या पुढं विचाराया कोण नाय राहायचं.