माझी हाडं आणि गुरुवारचा ट्रक

…तर मी म्हटलं, आधी त्या फळ्यावरचं माझं नाव पूस, मग माझ्याशी बोल! तुम्हाला सांगते, इथं न्यूझीलंडात, आमच्या तारानाकीतल्या गोठ्यातला तो फळा, त्यावर माझ्या जावयानं, सेल्विननं, गुरुवारी कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये चढवायच्या गाईंचे नंबर लिहिलेले. सत्तेचाळीस, एकशे बारा, दोनशे सहा, आणि खाली काय? 'आई, दहा वाजता.' आता बोला! तो म्हणतो, आई, तसं नाही, दहाला हावेरा गावातला वृद्धाश्रम बघायला जायचंय, दुसरीकडे जागा नव्हती म्हणून तिथं लिहिलं. जागा नव्हती! एकशे बाराचे निदान सड सुजलेत, माझं काय सुजलंय? तेवढ्यात माझी लेक रेवन मध्ये तोंड घालते, "आई, हे सगळं तुझ्या हाडांसाठी चाललंय." हाडांसाठी हो, सगळं हाडांसाठी!

आता हाडांचं ऐका. सहा वर्षांपूर्वी संधिवातानं माझी बोटं अशी धरली की स्वेटरची बटणं रेवन लावायची, आणि लावताना घड्याळ बघायची. मग डॉक्टरनं प्रेडनिसोनच्या, म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, आणि तिसऱ्या दिवशी मूठ वळली! त्या मुठीनं दर वसंतात चाळीस-चाळीस वासरांना बादलीनं दूध पाजलं मी, तेव्हा कुणाला आठवली माझी हाडं? आता तपासणी केली तर म्हणे त्याच गोळ्यांनी हाडं आतून पोखरली. वासरानं बादलीला ढुशी दिली, मनगट गेलं. शिंकले, तर बरगडी गेली… शिंकले हो नुसती!

शाळा मी चौदाव्या वर्षी सोडली, पण गुरांच्या डॉक्टरचं जाडजूड पुस्तक मला पाठ आहे. व्यायलेली गाय बसली की कातडीखाली बाटलीभर कॅल्शियम सोडायचं, थोड्या वेळात उठून चरायला जाते. मी माझ्या पोरसवद्या डॉक्टरला म्हटलं, मलाही सोड एक बाटली. तो म्हणतो, तुम्ही गाय नाही. अरे, मग हे सेल्विनला सांग की! त्यानं दिलं काय, तर दर रविवारी उपाशीपोटी हाडांची एक गोळी, वर पेलाभर पाणी, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. चर्चमध्ये इतकी ताठ बसले नाही मी कधी!

मग रेवन घर तपासायला निघाली. गालिचे गेले, पाय अडकतो. गमबूट गेले, घसरतात. माझी अकरा वर्षांची मॉस, कुत्री हो, ती शेजाऱ्याकडे गेली, पायात येते. मी विचारलं, मला तेवढी का ठेवलीस? तर म्हणे, हाडांसाठी. आणि आता वर हे की त्या प्रेडनिसोनच्या गोळ्याच बंद कर! मी म्हटलं, एकदम बंद केल्या तर मी आडवी होईन, डॉक्टरनं बजावलंय, आणि हळूहळू बंद केल्या तर हात जातील, हात गेले की वासरं गेली, मग मला या घरात ठेवाल कशाला? सेल्विन बुटांकडे बघत म्हणाला की यंदा वासरांना दूध पाजायचं यंत्र आणतोय.

यंत्र.

रेवननं तेवढ्यात पाव भाजायला घेतला, म्हातारीचं तोंड भरलं की ती गप्प बसते असं तिला वाटतं. परसातल्या फिजोआच्या फळांच्या मुरंब्याची बरणी काढली, कोपरात दाबून पोटाशी धरली, झाकणावर तळवा ठेवला… आणि फिरवलंच नाही. मुकाट्यानं सेल्विनपुढे सरकवली. त्यानं उघडून दिली, त्याला कुठलं काय कळतंय! मला कळलं. दुखणं कळायच्या आधी वर्षभर मी अशाच बरण्या सरकवत होते, नवऱ्यापुढे. पोटची पोर आहे, कळलेलं गिळून टाकावं असं आलं मनात, खोटं नाही सांगत. पण गुरुवार दोन दिवसांवर आला होता, तेव्हा मी पावावर मुरंबा लावून घेतला, एक घास खाल्ला आणि म्हटलं, "रेवन, तुझी मूठ हल्ली सकाळी किती वाजता वळते गं?"