रोजच्या खर्चातली खोडलेली ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या प्रवास कंपनीचे मालक, व्यासपीठावरचे शाखाप्रमुख व पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या सर्वांच्या ताई, त्यांचे यजमान, आणि समोर बसलेली कर्मचारी व प्रवासी मंडळी,

जुन्या गिऱ्हाइकांच्या वतीनं मी चार शब्द बोलावेत, असा निरोप आला. मी आयुष्यभर जमिनी मोजल्या. भाषण कधी केलं नाही, तेव्हा सांभाळून घ्या. ताईंच्या कामाबद्दल आधीचे वक्ते भरभरून बोलले. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. मला फक्त एक प्रसंग सांगायचा आहे.

बारा वर्षांपूर्वी मी आणि माझी पत्नी ताईंच्या टेबलाशी येऊन बसलो. परदेशात जायचं होतं. नऊ दिवस, काही किनाऱ्यावरच्या गावांत, काही बेटांवर. खरं सांगायचं तर फिरणं हे निमित्त. पत्नीची थोरली बहीण, आमची अक्का, लग्न होऊन तिकडच्या एका लहानशा बेटावर राहायला गेली होती. दोघी बहिणींची एकोणीस वर्षांत गाठ पडली नव्हती.

रोजचा खर्च किती धरायचा, हा माझा पहिला प्रश्न. ताई म्हणाल्या, "काका, सरासरी काढू नका. बेटावर पाण्याच्या बाटलीपासून सगळं बोटीनं येतं. तिथला दिवस किनाऱ्यावरच्या दीडपट धरा." मग त्यांनी खोली, जेवण, बस, बोट असं दिवसागणिक लिहून काढलं आणि प्रत्येक दिवसाखाली आणखी एक ओळ घातली: 'ऐनवेळी'.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"ते आत्ता माहीत असतं, तर त्यालाही नाव दिलं नसतं का?" ताई हसल्या.

मी त्यांच्याच पेन्सिलीनं नऊच्या नऊ ओळी खोडल्या. त्या म्हणाल्या, "आठ खोडा हवं तर. अक्कांच्या बेटाची तेवढी ठेवा. तिथे एकच बोट जाते." मी म्हटलं, "वेळापत्रक तुम्हीच दिलंय ना?" खोडाखोडीसकट त्या कागदाची एक प्रत त्यांनी मला दिली आणि मूळ कागद स्वतःकडे ठेवला. पत्नी गप्प होती. हिशेबाच्या वेळी ती गप्पच बसायची. ती सवय मीच लावलेली.

सहा दिवस मी मोठ्या खुशीत होतो. रोज संध्याकाळी आकडा ठरल्यापेक्षा थोडा खालीच यायचा. सातव्या दिवशी सकाळी धक्क्यावर गेलो तर अक्काच्या बेटाची बोट बिघडलेली. दुसरी बोट चार दिवसांनी, म्हणजे आम्ही घरी परतल्यावर. तिथला एक मच्छीमार आपल्या होडीतून न्यायला तयार होता, पण त्यानं आमच्या चार दिवसांच्या जेवणाएवढे पैसे मागितले.

मंडळी, पैसे माझ्या आतल्या खिशात होते. नव्हते असं नाही.

"आकड्यात बसत नाही," मी म्हणालो.

"आजवर काही मागितलंय का मी?" पत्नी म्हणाली.

"पुढच्या वर्षी नीट येऊ. तिला फोन कर."

तिनं धक्क्यावरूनच फोन लावला. "अक्का, बोटच नाही गं." एवढंच म्हणाली. होडीवाल्याचं अवाक्षर काढलं नाही. बहिणीपाशीसुद्धा तिनं माझी लाज राखली. सात महिन्यांनी अक्का गेली.

घरात मला कुणी एका शब्दानं बोललं नाही, आणि तेच मला सोसेना. कुणाचीतरी चूक हवी होती. मी मालकांना पत्र लिहिलं, की तुमच्या बाईंनी ऐनवेळच्या खर्चाची तरतूदच केली नव्हती, म्हणून बहिणीबहिणींची शेवटची भेट हुकली. सोबत खर्चाचा कागद जोडला. माझ्या हातानं नव्यानं, स्वच्छ उतरवून काढलेला. त्यात खोडाखोड नव्हतीच.

त्या वर्षी ताई शाखाप्रमुख होणार होत्या. एका तक्रारीमुळे राहिलं, हे मला गेल्या महिन्यात कळलं, या समारंभाचं आमंत्रण द्यायला आलेल्या कर्मचाऱ्याकडून. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, तो कुणाशी बोलतोय!

दुसऱ्याच दिवशी मी ताईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "पत्र मला तेव्हाच दाखवलं होतं, काका."

"मग मूळ कागद का नाही दाखवलात?"

"ठेवला होता मी. पण अक्का गेल्याचं तुम्ही त्याच पत्रात लिहिलं होतंत. काकूंच्या दुःखात आणखी घरात भांडण कशाला, म्हटलं."

अध्यक्ष महोदय, ते पत्र खोटं होतं. ताईंची तरतूद चोख होती. ती मी खोडली. अकरा वर्षं उशीर झाला आहे आणि आज कबूल करून त्यांची खुर्ची परत मिळणार नाही, हे मला समजतं. तरी हे चारचौघांत सांगणं मला भाग होतं. माझी पत्नी तिसऱ्या रांगेत बसली आहे. त्या पत्राबद्दल तीही हे आत्ताच ऐकते आहे.

आपण मला बोलायला उभं केलंत, शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल संयोजकांचा आणि सभागृहाचा मी ऋणी आहे. आनंदाच्या समारंभात मी हे काढलं, बोलताना कुठे तोल गेला असेल, तर आपण सर्वांनी पदरात घ्यावं. ताई, तुमच्याकडे मात्र मी त्या पत्राची माफी मागतो. ती आज, इथे, लोकांदेखत द्यावीच लागेल असं मुळीच समजू नका. आणि नाही दिलीत, तरी माझी काही तक्रार नाही.