गाडी येईल, तू थांब

मी मूळचा माण तालुक्यातला. आमच्याकडं पाऊस पडत नाही म्हणून पोरं पलटणीत जातात, असं माझे वडील म्हणायचे. ते स्वतः सुभेदार होऊन आले, चुलते हवालदार, थोरला भाऊ फौजेतच, मग मी कुठं जाणार. विहिरीच्या तळाला हिरवं पाणी असायचं, ते शेंदायचं, जपून वापरायचं. पाणी वर चढतं, उंबरा ओलांडून घरात येतं, हे मी लहानपणी कधी बघितलंच नाही. निमित्त म्हणून नाही सांगत हं, चूक माझी ती माझीच, पण पुढचं कळायला हे कळायला पाहिजे.

माझी बायको सुमन फलटणकडची, कालव्याच्या काठची. शेवटची शांत नेमणूक आम्हाला चेन्नईजवळच्या आवडी गावात मिळाली. मुलांना शाळा चांगली लागली, पल्लवी तिसरीत, ओंकार बालवाडीत, आणि मला वर जायचा हुकूम आला, बर्फात. तिकडं कुटुंब नेता येत नाही. सुमन म्हणाली, मुलांची शाळा मोडायची नाही, मी राहते इथं. क्वार्टर सोडावं लागलं. तळ्याच्या बाजूला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, वर पत्रा, ना जिना ना गच्ची. घर मीच पसंत केलं. भिंती कोरड्या आहेत, नळ दारात आहे, एवढंच बघितलं मी. शेजारी सेल्वी अक्का, तिचा नवरा मुरुगन रिक्षा चालवायचा. नळावर उभं राहून राहून सुमन तमिळ शिकली. मी आजही वणक्कमच्या पुढं जात नाही.

वर बर्फात एक नियम असतो बघा. वाट चुकली, वादळ आलं, तर जिथं आहे तिथंच थांबायचं. हलायचं नाही. जो थांबतो तो सापडतो, जो वाट काढायला जातो तो वसंतात सापडतो, बर्फ वितळल्यावर. हे आमच्या हाडात मुरवलेलं असतं. खाली घरी फोनवर बोलतानाही ते माझ्या हाडातच असायचं.

त्या वर्षी चेन्नईला पाऊस लागला तो थांबेचना. पोस्टवर फोन म्हणजे पाळी, मागं पोरं उभी असतात, आटपा साहेब म्हणतात. माझी पाळी आली तेव्हा सुमन म्हणाली, अहो, तळं भरलंय म्हणतात, गल्लीतली माणसं निघालीत, सेल्वी अक्का लग्नाच्या हॉलात, कल्याण मंडपमात चल म्हणतीये, जाऊ का? आता काय सांगू तुम्हाला, ती विचारत होती कारण माझी तशी सवय होती, सगळं मला विचारूनच करायचं, गॅसची टाकी बदलायची तरी. आणि तिला चौथा महिना होता. मी म्हटलं, हलू नकोस. मी युनिटला सांगतो, गाडी येईल न्यायला. गाडी येईल, तू थांब. तू निघून गेलीस तर ते तुला शोधणार कुठं? ती बरं म्हणाली आणि फोन तुटला.

मी निरोप दिला होता, खोटं नाही बोलत. गाडी निघालीही होती. रेल्वेखालच्या सबवेत पाणी भरलेलं, ती तिथनंच माघारी फिरली. कुणाला बोल लावू?

पुढचं मला नंतर सेल्वी अक्कानं सांगितलं, सुमननं कधीच नाही. अक्का दारात उभी राहून ओरडत होती, वा मा, ये गं, पोरांना घेऊन ये. सुमन म्हणत होती, वंडि येणार आहे, गाडी. तीन माणसांची बॅग भरून, पोरांना बूट घालून ती दारात बसलेली. अक्का शेवटी स्वतःच्या सासूला घेऊन गेली. पाणी उंबऱ्यावर आलं, मग खाटेवर. सुमननं पोरांना स्वयंपाकघरातल्या माळ्यावर चढवलं, डबे खाली फेकले आणि त्यांच्या जागी मुलं बसवली. स्वतः पाण्यात उभी. ओंकार विचारत होता, पप्पांची गाडी बोट आहे का? ती म्हणाली, हो बाळा, बोटच आहे.

गाडी नाहीच आली. अंधारायच्या आत मुरुगन आला. मंडपमातलं लग्नाच्या भाताचं ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं ढकलत आला, छातीएवढ्या पाण्यातनं. पोरं पातेल्यात, आणि सुमन त्याची कड धरून चालत, पायाखाली काय आहे ते दिसत नव्हतं. ती एकदा पडली. उठली. मंडपमात पोचली, पोरांची डोकी पुसली, आणि पहाटेच्या आत जे व्हायचं ते झालं. पोटातलं गेलं.

मला तिनं सांगितलं नाही. पोस्टवरच्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही, ही आमच्या बायकांची रीत. आई माझ्या वडिलांच्या बाबतीत हेच करायची. फोन लागला तेव्हा सुमन म्हणाली, आम्ही ठीक आहोत. मी म्हटलं, शाब्बास, थांबलीस ना? ती म्हणाली, थांबले. आणि मी तंबूत जाऊन पोरांना सांगितलं, बघा रे, फौजीची बायको, हुकमाशिवाय जागा सोडली नाही. पोरांनी चहा उडवला माझ्या नावानं. मुलगी झाली तर हिमानी ठेवा साहेब, म्हणाली. पुढच्या प्रत्येक फोनला मी विचारायचो, बाळ हलतं का गं? ती हं म्हणायची.

सुट्टीवर उतरलो. दार तिनंच उघडलं, आणि मी तिच्या सपाट पोटाकडं बघत राहिलो. सांगितलं का नाहीस, म्हटलं. तर म्हणाली, सांगून काय झालं असतं? उतरता आलं असतं का तुम्हाला? चहा ठेवते, बसा. सेल्वी अक्का मात्र तिच्या मोडक्या हिंदीत बोलली, क्या सार, ऑर्डर पहाड से, पानी इधर. ती हसत होती, मला हसता आलं नाही. मुरुगनचे पाय धरायला वाकलो तर तो रिक्षाखाली शिरला, म्हणाला ब्रेक बघतोय.

आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. शोळिंगनल्लूरला एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे, राहतो आवडीतच, पण दुसऱ्या मजल्यावर. सुमननं घर बघितलं, पक्कं केलं, मग मला किल्ली दाखवली. पल्लवीचं कॉलेज तिनं ठरवलं. माझ्याशी गोड बोलते, जेवायला थांबते, गुडघ्याला तेल लावून देते. फक्त विचारत नाही.

मागच्या वादळात मी ड्यूटीवर अडकलो. फोन हातात धरून बसलो, वाजेल म्हणून. वाजला नाही. शेवटी मीच केला. पलीकडं भांड्यांचा आवाज, अक्काचं हसणं. म्हणाली, आम्ही दुपारीच सेल्वीच्या भावाकडं आलो, पोरं जेवली, तुम्ही काही खाल्लंत का? मी म्हटलं, कळवायचंस तरी. अहो, खरंच लक्षातच आलं नाही, म्हणाली.

रुसून नव्हती म्हणाली, हेच तर आहे. राग असता तर मी समजूत काढली असती. तिच्या लेखी आता मी म्हणजे ज्याला जेवलात का विचारायचं असं माणूस. चालतंय. मुलं धडधाकट आहेत तिच्यामुळं. देव तिला उदंड आयुष्य देवो, माझ्यातलं घ्यायचं असेल तर घेवो. मी म्हटलं, खाल्लं गं. डबा तसाच पडला होता.