काळी पाच

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं धाकटे, तू होय! नाव दिसलंच नाही, चष्मा नाहीये डोळ्यांवर. मेकअप चाललाय… हो, हो, हॉटेलवरच आहे, हॉलच्या मागच्या खोलीत… तोच गं, मागच्या महिन्यातला हॉल. आरशावरचा एक दिवा गेला होता, तो अजून गेलेलाच आहे. अर्ध्या तोंडाला उजेड, अर्ध्या तोंडाला अंधार… बोल. पटकन बोल हं, संध्याकाळी कार्यक्रम आहे आणि माझी एक भुवई व्हायचीय अजून.

कीबोर्डचं ना? वाटलंच मला… नाही, अजून घेतला नाही. ट्रायलवर आणलाय. दुकानवाला म्हणाला, आजचा कार्यक्रम करून बघा, आवडला तर ठेवा, नाही तर परत पाठवा. त्यांचा माणूसच आलाय बरोबर, डेमो दाखवणारा. छान आहे, गुळगुळीत दाढी, परफ्यूम वगैरे… हो. आज तोच वाजवणार.

मास्तर काय करणार म्हणजे? मास्तर घरी बसतील. तुझ्याजवळ. इतकी वर्षं माझ्या नावानं खडे फोडत होतीस ना, ताईनं माझा नवरा शनिवार-रविवार पळवला म्हणून? घे, दिला परत.

अगं ऐक ना… ऐक… आधी माझं ऐक, मग रड.

तू बघायला हवं होतंस हे नवं मॉडेल. एवढा मोठा स्क्रीन! बोट लावलं की ढोलक, बोट लावलं की व्हायोलिनं, अख्खा ऑर्केस्ट्रा बसल्यासारखा. डाव्या हातानं नुसता एक सूर धरायचा, बाकी सगळं मशीन करतं. आणि आपला जुना? बटण दाबलं की आधी विचार करतो, खरंच दाबलं का म्हणून. पट्ट्या पिवळ्या पडल्यात. आणि स्क्रीनवर ती काळी टेप! वायरमनची! किती वेळा म्हटलं मास्तरांना, अहो, काढा ती टेप, पुढच्या रांगेतल्या बायका बघतात. तर म्हणे, स्क्रीन फुटलाय ताई, हाताला लागेल. फुटलाय तर फेका ना! जखमेवर बांधल्यासारखी टेप लावून किती दिवस फिरवायचा तो डबा?

मास्तर शिकतील? नवा कीबोर्ड? अगं, त्यांना घरी टीव्हीचा आवाज बंद करता येत नाही, तूच सांगत होतीस… काय करत होते?… माहितीपुस्तक? कुठून आणलं?… छापून आणलं? सगळं?… आणि भिंग घेऊन वाचतायत? भिंग घेऊन! अगं थांब, थांब, हसवू नकोस, माझी भुवई गेली वाकडी… नाही गं, चेष्टा नाही. डोळ्यांसमोर आलं ना चित्र. खिडकीत बसलेत, एका हातात भिंग, दुसऱ्या हाताचं बोट ओळीवर… बरं बाई, नाही हसत. संपलं हसून.

जेवले नाहीत कालपासून? का?… मी काय बोलले?… हां, ते. ‘डबा घरी घेऊन जा’ म्हटलं. कीबोर्डला म्हटलं मी… बरं, ‘दोन्ही डबे’ म्हटलं असेन. तोंडातून निघून गेलं. आणि सगळ्यांसमोर बिमोर काही नाही, उगीच वाढवून सांगू नकोस. हॉटेलचा मॅनेजर, डेमोवाला आणि खुर्च्या मांडणारे दोघं. एवढेच तर होते… हो, हसले ते. हसण्यासारखंच होतं. मास्तर स्वतःही हसले की! कीबोर्डचं झाकण लावता लावता हसले. मग?

हे बघ, उपाशी नाही मरू देणार मी तुम्हाला. दारात बसवते ना त्यांना, तिकिटं फाडायला… कमीपणा कसला त्यात? बसून काम आहे. डोक्यावर पंखा आहे. त्यांना एकाच कानानं ऐकू येतं ना, तेही चालतं तिथं.

अगं, तू असं म्हणतेस जसं मी एकट्या मास्तरांनाच काढतेय. बासवाला गेला, ढोलकीवाला गेला, गेले ना सगळे? मशीन आलं, माणसं गेली. मास्तरांच्याच मशीननं घालवली ती. तेव्हा नाही तुझे अश्रू आले! आता त्याहून मोठं मशीन आलं, आता मास्तर गेले… गिटारवाला? त्याचं नाव घेऊ नकोस माझ्यासमोर. त्याला मशीननं नाही, मी घालवला. तालमीत सगळ्यांदेखत काय म्हणाला मेला? ‘मॅडम, पट्टी जरा खाली घेऊ या, वर ओढाताण होतेय.’ मला! मी म्हटलं, पट्टी नाही खाली येणार, तू ये खाली स्टेजवरून. आणि गिटार घेऊन सरळ घरी जा… मग? बरोबरच केलं. त्यानंतर कुणाची जीभ उचलली का?

माझी पट्टी काळी पाच, धाकटे. विशीत काळी पाचमध्ये गात होते, आज साठीला आलेय, आजही काळी पाच. माझ्या बरोबरीची एक तरी दाखव वरच्या पट्टीत राहिलेली. सगळ्या उतरल्या. कुणी दोन सूर उतरली, कुणी गाणंच सोडून नातवंडं सांभाळतेय. आणि मी? मध्यंतरानंतर तर माझा आवाज आणखी खुलतो. लोक येऊन सांगतात गं, बाकीच्या थकतात, तुम्ही तापता. शेवटच्या गाण्याला तर काही कष्टच पडत नाहीत मला. देवाची देणगी असते एकेकाला, काय करणार?

सकाळचा साउंड चेक? झाला ना… बरा झाला… बरा म्हणजे बरा. काय ऐकायचंय तुला?… कोण म्हणालं, अर्ध्यात सोडलं म्हणून?… मॅनेजरनं मास्तरांना फोन केला? त्याला काय पंचाईत पडलीय?… अगं, एसी आहे इथं, एसीनं घसा धरला. तिसऱ्या गाण्यात वरचा सूर जरा… फाटला नाही. घसरला. आणि त्यात माझा काय दोष? हे नवं मशीनच चढं आहे. मी म्हटलं डेमोवाल्याला, बाबा रे, मशीन चढं आहे तुझं. तर मान हलवून म्हणतो कसा, ‘नाही मॅडम, पट्टी शून्यावर आहे, बघा ना.’ शून्यावर म्हणे. असेल शून्यावर, मी काय करू?

काय संबंध? मास्तरांच्या कीबोर्डवर का नाही घसरला म्हणजे?… कारण तो मशीन म्हणून जुना असला तरी सुरात होता, बस… नाही, मला नाही कळत तू काय बोलतेस ते. आणि सुरातलं तू मला शिकवू नकोस हं. तुझं आणि सुराचं किती गूळपीठ आहे ते सगळ्या घराला ठाऊक आहे. बाबांनी तुला हार्मोनियमपुढून उठवलं होतं ते उगीच नाही. ‘धाकटीला टाळ्या वाजवू द्या,’ म्हणाले होते. आठवतंय? तेवढ्याच वाजवत आलीस जन्मभर. नवराही टाळ्यांच्या लायकीचाच मिळाला…

काय?

काय म्हणालीस?… पुन्हा बोल.

कोण करत होतं?… मास्तर?… खाली म्हणजे? किती खाली?… तीन?

खोटं… साफ खोटं बोलतेस तू. असं कुणी… माझ्या नकळत पट्टी उतरवेल आणि मला कळणार नाही? मला?… कधीपासून?… गिटारवाल्याला काढलं त्या आठवड्यापासून… आधी एक. मग दोन… आणि टेप? म्हणजे स्क्रीन फुटलेला नाहीच? पट्टी किती उतरवली तो आकडा… मला दिसू नये म्हणून.

कुणाकुणाला माहीत आहे?… साउंडवाल्याला. बरोबर, त्याला असणारच… मॅनेजरला?… मॅनेजरलाही?… आणि तुला. तू दर कार्यक्रमाला पुढच्या रांगेत बसून, माझ्याकडे बघून, मान डोलावत… ‘ताई, काय लागला गं सूर!’ म्हणायचीस. हे सगळं माहीत असून?

गप्प बस. काही बोलू नकोस आता… फोन ठेवू नकोस. धर तसाच. दार उघडते, इथून स्टेज दिसतं.

अहो! अहो डेमोवाले! इकडे… ते स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यात शून्य दिसतंय ना, ते जरा उणे तीन करा… कशाला म्हणजे? मशीन चढं आहे तुमचं, सकाळपासून घसा फोडून सांगतेय!… केलं? आता ते तिसरं गाणं वाजवा. अंतऱ्यापासून… आऽऽ… हं, थांबा. पुन्हा… आऽऽऽ… आऽऽऽऽ…

बसला.

… सूर बसला बाई.

धाकटे? आहेस ना?… हं… नाही, रडत नाहीये. काजळ गेलं डोळ्यात… खरं सांगू? हा आरसा फोडावासा वाटतोय मला. इतकी चीड आलीय, इतकी लाज वाटतेय ना… हो. पटलं. तू म्हणतेस ते खरं आहे. तिथं बरोबर बसतो माझा आवाज. मऊ लागतो. ओळखीचा लागतो.

काय?… मास्तरांना पाठवतेस? आत्ता?… शर्टाला इस्त्री करायला घेतलीस? कशाला?

अगं, कशाला पाठवतेस? त्यांचं काय काम आता?… नाही, मी शुद्धीवरच आहे. हे बघ, मास्तरांवाचून माझं एका गोष्टीसाठी अडत होतं. ती गोष्ट कोणती, तेही मला ठाऊक नव्हतं. तू आत्ता सांगून टाकलीस, फुकटात. त्या डेमोवाल्यानं एका बोटानं केलं, पाहिलंस ना? म्हणजे ऐकलंस ना?… उपकार? कसले उपकार? मला लंगडी समजून पाठीमागून कुबडी लावली त्यांनी, आणि वर सगळ्या गावाला दाखवली. दया केली माझ्यावर! माझ्यावर! अशा माणसाकडे बघून मी पुन्हा स्टेजवर उभी राहू? तोंड वर करून?… नाही. नाही म्हणजे नाही. आणि ते तिकिटांचंही राहू दे. दारातसुद्धा नको मला ते.

रडतेस काय? तूच सांगितलंस ना? जीभ आवरली असतीस तर आज संध्याकाळी लोकांसमोर माझी फजिती झाली असती, आणि उद्या मीच गाडी पाठवली असती मास्तरांना आणायला. तेवढा धीर नाही धरवला तुला. टोचायचं होतं ना मला? टोचलंस. आता भोग.

थांब एक मिनिट… डेमोवाले! दुकानात कळवा, ठेवून घेतेय. हो, हाच. पक्कं… आणि हे बघा, काळी टेप मिळेल का कुठं? लाइटवाल्याकडे असेल. त्या स्क्रीनवर लावा, आकडा असतो ना तिथं… कशाला काय, प्रकाश येतो माझ्या डोळ्यांवर!

हं, बोल धाकटे. झालं रडून?… एवढी शांत कशी झालीस?… हो, तीन. कळलं की. उणे तीन. लक्षात राहील माझ्या, मी काय भिंग घेऊन बसणार नाहीये.

तीन फक्त पहिल्या भागापुरते? म्हणजे?

मध्यंतरानंतर काय?… नाही, मध्यंतरानंतर माझा आवाज उलट जास्त खुल…

… किती?

अगं, मध्यंतरानंतर किती खाली घेतात?… दर वेळी वेगळं कसं असेल? काहीतरी आकडा असेल ना… माझा श्वास ऐकून? म्हणजे काय, श्वास ऐकून?… आणि शेवटच्या गाण्याला? लोक शेवटच्या गाण्यासाठीच थांबतात, धाकटे, त्याला किती?… अगं, असं काय करतेस? तुला काहीच सांगितलं नाही त्यांनी?… मग त्यांना विचार ना. शेजारीच असतील, खिडकीत. फोन दे त्यांना. मी बोलते… ‘मास्तर’ म्हणून हाक मार, ताईचा फोन आहे म्हणावं… काय गं, बोलत का नाहीस?… हॅलो?

धाकटे?… अगं, ऐक ना. त्या शर्टाची इस्त्री झाली का?… हॅलो?… हॅलो?