सुगनकाकींच्या अंगातले जीव

...आणि वर मलाच विचारतात, मास्तर, घरात बेडूक आणलाच कशाला? अहो, हौस होती का मला? तुम्हाला सांगतो, मी आपला साधा शास्त्राचा मास्तर, चाळीसगावात भिकमचंदशेटच्या माडीवर भाड्यानं राहणारा. खाली त्यांचं किराणा दुकान, आणि दुकानामागच्या खोलीत त्यांच्या आई, सुगनकाकी. वय सत्तर, नुकत्याच आजारातून उठलेल्या, फुंकर मारली तर पडतील... आणि दुसऱ्या दिवसापासून पर्युषणाची अठाई धरणार. आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी! डॉक्टर म्हणाले, "अंगात रक्त नाही. उपास धरला तर मला बोलावू नका." भिकमचंदशेट माझ्यापुढे हात जोडून उभे. "मास्तर, मायना जीव जाई. तुमनं ऐकस ती."

आता मी काय सांगणार? मी आपला साधा शास्त्राचा मास्तर. म्हटलं, रक्त म्हणजे काय ते बाईंना डोळ्यांनीच बघू दे. शाळेचा मायक्रोस्कोप आणला, बेडूक ओल्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला, त्याच्या पायाच्या बोटांमधला पातळ पडदा भिंगाखाली ताणला. बेडूक बघून काकी आधी माझ्यावरच घसरल्या. "येले कसाले बांधी ठेवं?" म्हटलं, काकी, दोन मिनिटं, मग सोडतो, शप्पथ... तेव्हा कुठे एक डोळा मिटून भिंगाला लागल्या.

आणि डोळा काही काढेनात. मी आपला सांगतोय, काकी, ही केसाहून बारीक नळी, त्यातून त्या तांबड्या पेशी बघा, एकीमागे एक, अंग दुमडून कशा निघतात, भोवती पाण्यासारखा रक्तद्रव, आणि ती पांढरी बघा, कडेकडेनं रेंगाळतेय... फाट्यावर एखादी अडते, इकडे जाऊ की तिकडे, मागचीनं ढकललं की सुटते. मी तर रंगातच आलो. तुमच्या अंगातही हेच चाललंय, काकी, खायला मिळालं नाही तर ह्या कमी होतात.

काकींनी डोकं वर केलं. डोळ्यांत पाणी. "मास्तर, ह्या तं बठ्ठा जित्ता शेतस. मन्हा आंगमा इतला जीव, आनि मी त्यासले उपाशी मारू?"

घ्या! पाणी गाळून पिणारी, मुंगीला वळसा घालून जाणारी बाई, तिला पेशी कशा दिसणार, जीवच दिसणार ना? मी तोंड उघडलं, "काकी, ते तसे जीव नव्हेत..." तेवढ्यात शेटनी माझ्या मांडीला असा चिमटा काढला की शास्त्र घशातच राहिलं. कारण काकी म्हणत होत्या, "भिकम, सूनले सांग, मूगनी दाय लाव."

जेवल्या हो. अठाई धरली नाही. मला इतकं बरं वाटलं की बेडकाला तितूर नदीवर नेऊन, हात जोडून सोडून आलो.

पण पुढे? काकींच्या अंगात असं बळ आलं की रोज जिना चढून वाटी घेऊन येतात, कधी शिरा, कधी तुपात बुडवलेली बाटी. पोट भरलंय म्हटलं की माझ्या छातीवर बोट ठेवतात, "तुमनं पोट भरनं, पन आतलासनं काय?" शर्टाची बटणं लागेनात माझ्या! खरं सांगावं, तर मी आपला साधा शास्त्राचा मास्तर, ते माझं कामच आहे... पण खरं सांगितलं तर काकी उद्यापासून उपास धरतील. मग काय करतो म्हणता?

जेवतो.